नाव शेवटी घ्यायचं असतं

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा पहिला माणूस मी. आणि आपली नोकरी घरच्यांना समजावून सांगता न येणारा पहिला माणूसही मीच. वडील तंबाखूच्या वखारीत होते, काका एसटीत, आत्या अंगणवाडीत. कुणी विचारलं की एका शब्दात उत्तर व्हायचं. मला मात्र सीमाभागातल्या आमच्या गावाहून आई फोन करते आणि विचारते, "आज काय केलास ऑफिसात?"

"एका चटणीची गोष्ट लिहिली."

ती फोन दुसऱ्या कानाला लावते. मग विचारते, "पगार देतात न्हवं वेळेवर?"

देतात, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. मला शिकवण्यासाठी कितीतरी जणांनी हात दिला. कुणी वह्या दिल्या, कुणी कॉलेजच्या गावी राहायला कोपरा दिला. हा पोरगा पुढे बेंगळुरूत बसून, माणसाच्या मेंदूत चटणी कुठल्या दरवाजाने शिरेल याचा विचार करेल, असं त्यांतल्या एकालाही वाटलं नसेल.

आमचं ऑफिस मारतहळ्ळीला, एका दर्शिनीच्या वरच्या मजल्यावर. दर्शिनी म्हणजे उभ्याने इडली-वडा खायचं हॉटेल. एखाद्या कंपनीला लोकांना जे काही सांगायचं असेल ते गोष्टीत बसवून द्यायचं, हे आमचं काम. बॉस पुण्याचा. वयाने माझ्याहून फार मोठा नाही, पण मी त्याला सर म्हणतो. शाळेत लागलेली सवय जात नाही. "सर नको रे म्हणूस, शाळा आहे का ही?" असं तो म्हणतो, आणि लगेच फळ्यावर मेंदू काढायला घेतो.

मेंदूचं त्याला भारी वेड. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मेंदू शिकवताना सांगितलं होतं की तो अक्रोडासारखा दिसतो. वर्गात एकानेही अक्रोड पाहिलेला नव्हता. सरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बरं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा." त्यानंतर कित्येक महिने आमच्यातला एकजण घरी फ्लॉवरची भाजी खाईना. माझं मेंदूचं ज्ञान तिथेच थांबलं होतं. बॉसने ते पुढे नेलं. नुसती माहिती ऐकताना मेंदूचा एखादा कोपरा जागा होतो, तो सांगायचा, पण गोष्ट ऐकताना घरभर दिवे लागतात. 'लसूण ठेचला' म्हटलं की वासाची खोलीसुद्धा उघडते. पुढे काय होणार या ओढीने डोपामिन वाढतं. गोष्टीतलं माणूस आवडलं की ऑक्सिटोसिन. आणि गोष्ट रंगली की सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा मेंदू एका तालात चालायला लागतो.

यातलं शास्त्र किती आणि स्लाइडसाठी फुगवलेलं किती, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण बॉस हे सगळं अशा रंगात येऊन सांगायचा की आमचे मेंदू त्याच्या तालात चालायला लागायचे, एवढं मात्र खरं.

चटणी करणाऱ्या अक्का मला भेटल्या त्या के. आर. पुरमला, मी राहतो तिथल्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटपाशी. रविवारी सकाळी त्या तिथे टेबल मांडून बसत. टेबलावर शेंगाचटणीची पाकिटं, एक स्टीलचा डबा आणि ज्वारीच्या भाकरीचे तुकडे. येणाऱ्याच्या हातात तुकडा ठेवायचा, वर चटणी, वर तेलाची धार. मी तुकडा तोंडात टाकला आणि माझ्याही नकळत "आई गं" म्हणालो.

"कुठल्या गावचा रे तम्मा?" त्यांनी लगेच मराठीत विचारलं. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्या अथणीकडच्या. घरी मराठी, दारात कन्नड, बाजारात दोन्ही. अर्ध्या मिनिटात आमच्या गावांमधलं अंतर, एसटीचे थांबे आणि दोन सामायिक जत्रा निघाल्या. मी पाकीट घेऊन घरी गेलो. सोमवारी माझ्या डब्यातली चटणी बॉसने खाल्ली, मंगळवारी त्याने फक्त चटणीच खाल्ली, आणि बुधवारी म्हणाला, "अरे, या बाईंची स्टोरी काय आहे? फी-बी नंतर बघू. आधी स्टोरी."

स्टोरी होती, आणि तिला घाईही होती. अक्कांचे यजमान, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, होसकोट्याच्या एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला. वर्ष-दीड वर्ष अण्णा घरी बसून. तेव्हा अक्कांनी चटणी कुटायला सुरुवात केली. पुढे होसकोट्यालाच एका ओळखीच्या माणसाच्या शेडमध्ये अर्धी जागा मिळाली, तिथे अण्णांनी कांडप यंत्र बसवलं. पण टेबलावर विकून शेड चालत नव्हती. शेडवाल्याला महिन्याअखेर हो की नाही ते हवं होतं. नाही म्हटलं की गाशा गुंडाळून गावी. आणि गावी गेलं की पोरीचं कॉलेज संपलं. मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. त्यांच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली पहिली.

"दिरानं स्थळ बघून ठेवलंय," अक्का म्हणाल्या. "तो नुस्ता वाट बघतोय आम्ही कधी परत येतोय त्याची. पोरीची पदवी झाल्याबिगर मी हितनं हलणार न्हाई. पण मी न हलून काय करू, शेडच हलली तर?"

हे ऐकल्यावर मला ते काम चटणीचं वाटेना. पहिल्या वर्षातून परत नेलेल्या मुली मी आमच्या गावात पाहिल्या होत्या. त्यांच्यातल्या काही माझ्यापेक्षा हुशार होत्या.

बॉसच्या ओळखीने एका दुकानसाखळीच्या खरेदीप्रमुख बाईंनी भेटीला वेळ दिला. त्यांनी हो म्हटलं तर शहराच्या पूर्वेकडच्या त्यांच्या दुकानांत चटणीला फळी मिळणार होती, आणि एक फळी मिळाली की शेड वाचत होती. त्या आधी गोष्ट तयार करायची होती, आणि बॉसला ती मेंदूवर तपासायचीही होती. त्याने कुठून तरी कपाळाला बांधायचा एक पट्टा भाड्याने आणला. मेंदूतल्या हालचाली तो लॅपटॉपवर वेड्यावाकड्या रेघांनी दाखवायचा.

अक्कांना ऑफिसात बोलावलं. ऑफिसातले आणि खालच्या दर्शिनीतले मिळून काहीजण एकेक करून पट्टा बांधून समोर बसले. अक्का प्रत्येकाला नव्याने गोष्ट सांगत होत्या, मराठी, कन्नड आणि हिंदी ज्याला जसं लागेल तसं.

"हे घरात बसून हुते. मी पहाटे उठून उखळात चटणी कुटायची. धाडधाड. खाली घरमालकीण. आली तणतणत वर. 'एनम्मा, झोपू देणार का न्हाई?' मी काय बोललेच न्हाई. भाकरीचा तुकडा, वर चटणी, वर तेल, दिला हातात. खाल्ला. परत भांडायला तोंड उघडलं तिनं. दिला दुसरा तुकडा. जाताना वाटीभर घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी परत आली भांडायला, येताना मोठी वाटी घेऊन. तिसऱ्या दिवशी डबा. मग एक दिवस मला ताप, मी कुटलंच न्हाई. तर खालनं वरडतीय, 'यम्मा! आज आवाज का येईना?'"

इथे समोरचा माणूस हसायचा आणि लॅपटॉपवरची रेघ उडी मारायची. "ऑक्सिटोसिन!" बॉस ओरडायचा. त्या पट्ट्याला रसायनं कळत नाहीत असं पट्ट्याबरोबर आलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, पण बॉसचा आनंद बघून ते वाचून दाखवायचं माझ्या जिवावर आलं. एकदा गोष्ट सुरू व्हायच्या आधीच रेघेने मोठी उडी घेतली. पट्टा आमच्या डिझायनरच्या कपाळाला होता. बॉसने हळूच विचारलं, "काय फील झालं तुला आत्ता?"

"खाली कॉफीला फोडणी... सॉरी, सांबाराला. वास आला."

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा. बॉसने त्या सगळ्यांना विचारलं, "काल ऐकलेली गोष्ट आठवतेय?" सगळ्यांना आठवत होती. वाटीचा वाढता आकारसुद्धा हातांनी करून दाखवला त्यांनी. "आणि चटणीचं नाव काय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग दर्शिनीतला कॉफीवाला म्हणाला, "ओनर आंटी चटणी." बाकीच्यांच्या माना हलल्या. हो हो, तेच. घरमालकिणीची चटणी.

ज्या घरमालकिणीने एक शेंगदाणासुद्धा सोलला नव्हता, तिने सगळ्यांचे मेंदू काबीज केले होते. गोष्ट इतकी रंगली होती की तिने नावच गिळून टाकलं होतं.

बॉस मात्र खूश. "अरे, मग नावच बदलू या! 'लँडलेडी चटणी.' काय भारी आहे! मेंदूने आपल्याला उत्तर दिलंय."

ते अक्कांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी होसकोट्याला शेडवर गेलो. अण्णा यंत्रापाशी लाल तिखटाने माखून उभे होते. मी नाव सांगताच अक्कांनी हातातली परात खाली ठेवली.

"तिचं नाव? माझ्या चटणीला? तम्मा, गेल्याच महिन्यात भाडं वाढवलंय तिनं! आणि वाटी अजून दिली न्हाई परत."

"अक्का, पण लोकांना तेच लक्षात राहतंय."

त्यांनी अण्णांकडे एकदा पाहिलं आणि मला शेडबाहेर नेलं. "हे घरी बसले हुते तवा गल्लीतली पोरं ह्यास्नी काय म्हणायची ठाऊक हाय? चटणीवालीचा नवरा. हे हसायचे. मला हसू येत नव्हतं. म्हणून पाकिटावर ह्यांचं नाव घातलंय. ते निघणार न्हाई. फळी मिळू दे न्हाईतर न मिळू दे."

पाकिटावरचं नाव अण्णांचं आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मी ते कंपनीचं काहीतरी नाव समजत होतो.

परत येताना बसमध्ये मी त्या दिवशी ऑफिसात केलेली अक्कांच्या गोष्टीची सगळी रेकॉर्डिंगं कानाला लावून ऐकली. नाव लोकांच्या लक्षात राहत नाही, तर ते गोष्टीत आणखी एक-दोनदा घालू, एवढाच माझा विचार होता. ऐकता ऐकता के. आर. पुरमचा झुलता पूल आला आणि मी सीटवर ताठ झालो. नाव त्यात एकदाही नव्हतं. कुठल्याही भाषेत नव्हतं. 'आमची चटणी', 'ही चटणी', 'ते पाकिटावर लिवलंय बघा ते.' मग मला रविवारचं टेबल आठवलं. कुणी नाव विचारलं की अक्का काही न बोलता पाकीट फिरवून त्यावर बोट ठेवायच्या. मला वाटलं होतं, पाकिटाच्या छपाईचं कौतुक आहे त्यांना.

मी मारतहळ्ळीच्या ऑफिसात बॉसबरोबर बसून किती पुणेरी झालो होतो, ते तेव्हा कळलं. कारण ही गोष्ट कळायला कपाळाला पट्टा बांधायची गरज नव्हती. मी पहिलीत होतो तेव्हापासून आई मला रेशनच्या ऑफिसात, दवाखान्यात, तलाठ्याकडे बरोबर न्यायची, ते फक्त एका कामासाठी. समोरच्याने "नवऱ्याचं नाव?" विचारलं की ती मला कोपराने ढोसायची, आणि मी वडिलांचं नाव मोठ्याने सांगायचो. माझी आयुष्यातली पहिली नोकरी म्हणजे ब्रँडचं नाव उच्चारायची होती, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणजे अक्कांनी नवऱ्यावरच्या मायेने सगळ्या शहराला कळावं म्हणून चटणीला त्याचं नाव दिलं होतं, आणि आपल्या तोंडाने ते नाव त्या कुणालाही सांगू शकत नव्हत्या. असला घोटाळा फक्त आमच्याकडची माणसंच करू शकतात.

सुटकाही आमच्याकडचीच होती. नवऱ्याचं नाव घ्यायला बाईला एकच मोकळी वाट असते, ती म्हणजे उखाणा. लग्नात, बारशाला, हळदीकुंकवाला उंबरा अडवून बायका ओरडतात, नाव घे, नाव घे. ती लाजते, आढेवेढे घेते, एक ओळ म्हणून थांबते. त्या थांबण्यात खोलीतली एकही बाई दुसरीकडे बघत नाही. आणि मग शेवटी नाव येतं. ते ऐकल्यावर नवरदेवाचं नाव विसरलेली बाई मी आजवर पाहिलेली नाही.

मी बॉसला म्हणालो, "सर, डोपामिन वाट बघण्याने वाढतं ना?"

"ऑफकोर्स."

"मग आपण लोकांना नावाची वाट बघायला लावतच नाही. पाकीट पहिल्यापासून समोर असतं. बाईंच्या भेटीत पाकिटं पालथी ठेवू. गोष्ट आधी. नाव कुणीही घ्यायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही. शेवटी अक्का उखाण्यात घेतील."

बॉस खुर्चीतून उठला. "माय गॉड. माझ्या बायकोने लग्नात घेतला होता रे. इंग्लिशमध्ये."

त्या रात्री मी कृतज्ञतेच्या भरात अक्कांसाठी स्वतःच एक उखाणा लिहिला आणि सकाळी फोनवर वाचून दाखवला:

"डोपामिन वाढतं ओढीने, ऑक्सिटोसिन गोडीने,
...रावांचं नाव घेते चटणी-भाकरीच्या जोडीने."

तो परत एकदा म्हणायला लावला त्यांनी. मग अक्का म्हणाल्या, "तम्मा, हे औषधाच्या दुकानात कुणी बाळंत झालंय का?"

"आवडला नाही?"

"माझ्या नवऱ्याचं नाव हाय न्हवं? मग माझं मी बघतो." आमच्याकडे बायकाही 'बघतो' म्हणतात, आणि तसं म्हटलं की तो विषय संपलेला असतो.

खरेदीप्रमुख बाईंचं ऑफिस रिंगरोडवर काचेच्या इमारतीत होतं. आम्ही गेलो तेव्हा त्या टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या, सुती साडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सकाळपासून त्यांनी बहुतेक लोणची चाखली असावीत. चेहरा आंबट होता. त्यांच्या बाजूला त्यांच्या ऑफिसातल्या दोघीजणी. अक्का नवी इरकल नेसून आल्या होत्या. अण्णा शेडवरून तसेच आले होते, पाकिटांचं खोकं छातीशी धरून दाराजवळ उभे होते, आणि बस म्हटलं तरी बसत नव्हते.

बॉसने पहिली स्लाइड लावली. पडद्यावर निळा-तांबडा मेंदू आला.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"मॅम, हा कन्झ्युमरचा ब्रेन."

"मला चटणी दाखवा. फ्लॉवर नको."

मला विज्ञानाच्या सरांची फार आठवण झाली. बॉसने मुकाट्याने लॅपटॉप मिटला आणि अक्कांनी स्टीलचा डबा उघडला. तुकडे वाटले. वर चटणी, वर तेल. मग त्यांनी कन्नडमध्ये गोष्ट सुरू केली. पहाट, धाडधाड, घरमालकीण. पहिल्या वाटीला दोघी हसल्या. डब्यापर्यंत बाई हसल्या. "आज आवाज का येईना" ला तर चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि स्वतःहून दुसरा तुकडा उचलला.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "नाव काय हिचं?"

अक्का गप्प.

बाईंनी पालथ्या पाकिटाकडे पाहिलं. मग बॉसकडे. बॉसचं तोंड उघडलं. आठवडाभर घोकूनही त्याला ते थांबवता येईना, आणि मी टेबलाखाली त्याच्या बुटावर बूट ठेवून सगळं वजन दिलं. तोंड तसंच मिटलं. पगार देणाऱ्या माणसाच्या पायावर पाय द्यायची माझी ती पहिलीच वेळ.

"काय झालं? नाव ठेवलं नाही अजून?" बाईंच्या आवाजात पुन्हा लोणचं आलं.

आमच्या तालमीत या जागी अक्का उखाणा घेणार होत्या. पण त्या खाली मान घालून पदराचं टोक पिळत होत्या. स्वतःच्या दारात नाव घेणं वेगळं आणि काचेच्या खोलीत, नवरा समोर उभा असताना घेणं वेगळं, हे मला सुचलंच नव्हतं. मला पोरीचं कॉलेज दिसायला लागलं. शेडचं दार ओढून घेतल्याचा आवाजही आला कानात. शेवटी मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणालो, "मॅडम, नाव आहे. पण ते यांच्या यजमानांचं आहे. हे काय, दाराशी उभे आहेत ते. अक्का कसं घेतील?"

 मग बाजूच्या दोघींपैकी एक, जी आतापर्यंत फोन बघत होती, ती खुर्चीवरून अर्धी उठली. ती धारवाडकडची निघाली. तिकडे उखाण्याला ओडपु म्हणतात.

"अय्यो! ओडपु हेळ्री अक्का!" ती ओरडली. "बिडबॅडा! सोडायचं नाही! हेसरु हेळ्री! नाव घ्या!"

दुसरीने टेबलावर थाप मारायला सुरुवात केली. काचेपलीकडून जाणारी एक बाई थांबली, आत डोकावली, काय ते तिला कळलं, आणि ती दारातच अण्णांच्या शेजारी उभी राहिली. "हेळ्री, हेळ्री!" खरेदीप्रमुख बाईंनी पेन खाली ठेवलं. "मीही लग्नात घेतला होता," त्या म्हणाल्या. "सासूने दार अडवलं होतं. स्वल्प जोरात हं."

आता हे ऑफिस राहिलंच नव्हतं. हा उंबरा होता, आणि उंबऱ्यावर काय करायचं ते अक्कांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, मान वर केली, आणि एक ओळ म्हणून मुद्दाम थांबल्या. तसं थांबायला कुठल्याही स्लाइडने त्यांना शिकवलं नव्हतं. थाप थांबली.  मग उरलेला उखाणा आला. त्यांनी तो कन्नडमध्येही सांगितला, पण आधी मराठीतच म्हटला:

"शेंगा भाजल्या मंद, लसूण सोलला ओंजळभर,
...रावांचं नाव पाकिटावर, आता जाऊ दे बेंगळूरभर."

खोलीत एकच गलका झाला. धारवाडच्या बाईने पाकीट उलटं करून नाव मोठ्याने वाचलं, दुसरीने पुन्हा वाचलं. बॉस पाय चोळत टाळ्या वाजवत होता.

"आता यजमानांनी!" दारातली बाई म्हणाली. तिने अण्णांना आत ढकललंच.

अण्णांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते खोकं धरून टेबलाशी आले. घामाने कपाळावरचं तिखट ओघळत होतं. यमक जुळवणं त्यांच्या बापजन्मात झालं नव्हतं. घरात ते बायकोला "ऐकलीस का" म्हणून हाक मारत. त्यांनी खोकं खाली ठेवलं, हात शर्टाला पुसले, आणि अक्कांचं नाव घेतलं. नुसतंच नाव, पुढेमागे काही नाही. मग जरा थांबून म्हणाले, "चटणी हिची हाय. मी नुस्तं पाकीट चिकटवतो. नाव उगंच माझं घातलंय."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय ते कळायला मार्ग नव्हता. यावेळी कुणीच ओरडलं नाही. खरेदीप्रमुख बाईंनी चष्मा चढवला, खाकरल्यासारखं केलं आणि व्यवहाराच्या आवाजात म्हणाल्या, "के. आर. पुरम, मारतहळ्ळी आणि होसकोटे रस्त्यावरची दुकानं. तिथं चाललं तर पुढचं बघू. सरी ना, चालेल ना?"

"सरी," अक्का म्हणाल्या. आणि उरलेल्या भाकरीकडे बघून, "खा की अजून. परत नेऊन काय करू?"

बॉसने आता या प्रकरणाची नवी स्लाइड केली आहे. तिचं नाव 'नामोच्चाराला उशीर आणि स्मरणशक्ती'. मेंदूचं चित्र तेच आहे, निळं-तांबडं, फक्त त्याने त्याला डोक्यावर पदर काढला आहे. मी हसलो तर म्हणाला, "हसतोस काय, शास्त्र आहे हे." असेलही. दुकानात फळीपाशी कुणी थांबलं की तिथली मुलगी पाकीट पालथंच हातात देते आणि म्हणते, आधी चाखा. नाव लोक आपणहून उलटून बघतात. घरमालकीण एका दुकानात जाऊन पाहून आली, आणि गोष्ट आपली असून नाव भलत्याचंच कसं, म्हणून वर येऊन भांडून गेली. जाताना वाटी घेऊन गेली.

माझ्या आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे बाईला नाव घ्यायला लावायचं काम करतोस व्हय? मग आधीच सांगायचं न्हवंस?" माझी नोकरी घरी पहिल्यांदा समजली ती अशी.

चटणीचं नाव मी इथे घेतलेलं नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. ते घ्यायचा मान माझा नाही. तुम्हाला चुटपुट लागली असेल तर बॉस म्हणेल, डोपामिन.

जूनमध्ये अक्का मुलीला घेऊन कॉलेजात गेल्या, दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी. त्यांनीच मला हे फोनवर सांगितलं, मध्ये मध्ये हसू आवरत. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "वडिलांचं नाव?" अक्कांनी सवयीने मुलीला कोपराने ढोसलं. मुलगी हलली नाही. "मी न्हाई सांगणार," ती म्हणाली. "आई, सगळ्या बेंगळूरला सांगितलीस, ह्यांना पण सांग की."

मागे रांग वाढत होती. कारकुनाने मान वर केली. अक्कांनी पोरीकडे एकदा रागाने पाहिलं, पिशवीत हात घातला, आणि चटणीचं पाकीट काढून खिडकीत सुलटं ठेवलं.

कारकुनाने पाकिटावरून नाव उतरवून घेतलं. मग पाकीट उचलून नाकाशी नेलं आणि विचारलं, "हे कागदपत्रांबरोबर जमा करायचं ना?"